एक्स-रेमध्ये न दिसलेला मूतखडा आणि तीन तपासण्यांचे तीन निष्कर्ष

प्रश्न (रानवारा)

माझ्या मोठ्या भावाला (वय ५२, गेली आठ वर्षे मधुमेह) दहा दिवसांपूर्वी पहाटे डाव्या बरगडीखाली, पाठीच्या बाजूला अचानक जोराची कळ आली. कळ जांघेपर्यंत उतरत होती, दोनदा उलटी झाली आणि कोणत्याही कुशीवर त्याला क्षणभर पडून राहता येत नव्हते. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे इंजेक्शन दिल्यावर अर्ध्या तासात आराम पडला.

त्यानंतर तीन तपासण्या झाल्या आणि आमचा गोंधळ तिथूनच सुरू झाला. सोनोग्राफीत डाव्या किडनीच्या खालच्या भागात १५ मिमीचा खडा आणि किडनीला सौम्य सूज असल्याचे लिहिले आहे. मूत्रवाहिनीचा बराचसा भाग आतड्यातील वायूमुळे दिसला नाही, असेही त्यात नमूद आहे. दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये एकही खडा नाही. शेवटी कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते रंगद्रव्य) न देता सीटी स्कॅन केला, त्यात किडनीतला खडा १२ मिमीचा निघाला आणि शिवाय मूत्रवाहिनी मूत्राशयात उघडते त्या तोंडाशी ५ मिमीचा दुसरा खडा सापडला. त्या अहवालात मोठ्या खड्याची घनता ४२० हाउन्सफील्ड अशी दिली आहे, तिचा अर्थ आम्हांला कोणी सांगितलेला नाही.

चौथ्या दिवसापासून भावाचे दुखणे पूर्ण थांबले आहे. त्याचे म्हणणे असे, की एक्स-रे स्वच्छ आहे आणि दुखतही नाही, म्हणजे खडा पडून गेला असणार. एका डॉक्टरांनी लहरींनी खडा फोडण्याचा सल्ला दिला आहे, तर दुसऱ्यांनी दुर्बीण आणि लेझर सुचवले आहे. कोणती तपासणी खरी मानावी, दुखणे थांबल्यावरही पुन्हा तपासणे आवश्यक आहे का आणि मोठ्या खड्याचे नेमके काय करावे, हे समजून घ्यायचे आहे. सतत सीटी स्कॅन करण्याच्या किरणोत्सर्गाचीही काळजी वाटते.

उत्तर (अवलोकन)

मी रेडिओलॉजिस्ट आहे, त्यामुळे तपासण्यांपुरते लिहितो आणि उपचारांचा भाग त्या शाखेच्या डॉक्टरांवर सोपवतो.

आपल्या तीनही तपासण्या खऱ्या आहेत. प्रत्येकीला खड्याची वेगळी बाजू दिसते, एवढेच. सोनोग्राफीत खडा स्वतः फारसा दिसत नाही. ध्वनिलहरी त्याच्या पृष्ठभागावरून परततात, तिथे एक पांढरी चकाकती रेघ उमटते आणि तिच्यामागे काळी सावली पडते. आम्ही मोजतो ती ही रेघ. तिच्या कडा पसरट उमटत असल्यामुळे माप बहुधा काही मिलिमीटरने जास्त येते, आणि खडा लहान असेल तर ही चूक प्रमाणाने आणखी मोठी ठरते. तेव्हा १५ आणि १२ मिमी यांतला फरक म्हणजे खडा एका आठवड्यात झिजला असे मुळीच नाही. सीटी स्कॅनवर माप घेतानाही हाडांसाठी असलेल्या सेटिंगमध्ये चित्र मोठे करून मोजावे लागते, कारण मऊ अवयवांच्या सेटिंगमध्ये तोच खडा फुगलेला दिसतो. उपचार ठरवताना सीटीचे माप धरावे.

मूत्रवाहिनीच्या तोंडाशी असलेला खडा सोनोग्राफीत का दिसला नाही, याबद्दल एक शक्यता मला वाटते. मूत्रवाहिनी साधारण २५ ते ३० सेंटिमीटर लांब असते आणि तिचा मधला भाग आतड्यांच्या मागे दडलेला असतो, तिथे सोनोग्राफी हतबल होते. पण अगदी खालचे टोक मूत्राशयाच्या मागे असते, आणि मूत्राशय भरलेले असेल तर त्या द्रवातून ते टोक चांगले दिसते. रंगीत डॉप्लर (वाहता द्रव रंगांत दाखवणारी सोनोग्राफीची सोय) लावला तर खड्यामागे लाल-निळे ठिपके लुकलुकताना दिसतात, आणि मूत्रवाहिनीच्या तोंडातून मूत्राची पिचकारी मूत्राशयात येते आहे की नाही, हेही पाहता येते. कळ असह्य झालेला, उलट्या करणारा रुग्ण बहुतेकदा रिकाम्या मूत्राशयानेच टेबलावर येतो. पुढच्या सोनोग्राफीला भावाला भरपूर पाणी पिऊन, लघवी धरून जायला सांगा. त्या एका गोष्टीने तपासणीची गुणवत्ता बदलते.

आता एक्स-रेबद्दल. साध्या एक्स-रेवर खडा दिसतो तो त्यातल्या कॅल्शियममुळे. दहापैकी सुमारे आठ खडे कॅल्शियमचे असतात, म्हणून बहुतेकांचे दिसतात. युरिक ॲसिडचा खडा मात्र एक्स-रेला पारदर्शक असतो, आणि सीटी स्कॅनवर तोच स्पष्ट दिसतो. हाउन्सफील्ड हे सीटीवरील घनतेचे एकक आहे: पाण्याला शून्य, हवेला उणे १०००. युरिक ॲसिडचे खडे सर्वसाधारणपणे ५०० च्या खाली राहतात, तर कॅल्शियम ऑक्झलेटचे कठीण खडे १००० च्या पुढे जातात. १२ मिमीचा खडा एक्स-रेवर दिसत नाही, घनता ४२० आहे आणि रुग्णाला मधुमेह आहे, या तिन्ही गोष्टी युरिक ॲसिडकडे बोट दाखवतात. आकड्यावरून खात्री देता येत नाही हेही सांगितले पाहिजे. दुहेरी ऊर्जेचा सीटी स्कॅन युरिक ॲसिड बरेच नेमके ओळखतो, पण त्यासाठी तो पुन्हा करावा असे मी म्हणणार नाही. लघवीचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) तपासला तरी पुष्कळ उलगडा होईल.

किरणोत्सर्गाची काळजी रास्त आहे. पोटाच्या नेहमीच्या सीटी स्कॅनमध्ये साधारण १० मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते, तर खड्यांसाठी कमी मात्रेचा सीटी स्कॅन ४ पेक्षा कमी मात्रेत होतो आणि सडपातळ किंवा मध्यम बांध्याच्या रुग्णात तेवढ्यावर काम भागते. स्कॅनची वेळ ठरवतानाच ‘कमी मात्रेचा’ असे विचारावे. २०१४ साली अमेरिकेतील १५ आपत्कालीन विभागांत २,७५९ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात सोनोग्राफीने सुरुवात केलेल्या आणि सीटीने सुरुवात केलेल्या गटांमध्ये गंभीर निदान हुकण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही, आणि सोनोग्राफीच्या गटाला किरणोत्सर्ग कमी मिळाला. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांच्यात तर सुरुवात सोनोग्राफीनेच केली जाते. आपल्या भावाच्या तपासण्यांचा पाया आता सीटीने घातला गेला आहे. पुढचा मागोवा सोनोग्राफीने घेता येईल.

उत्तर (नीरव)

मी मूत्रविकारशल्यचिकित्सक आहे. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय सल्ला देण्याला मर्यादा असतात, तरी विचार कोणत्या क्रमाने करायचा ते मांडतो.

सर्वांत आधी भावाचा गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. कळ खड्याच्या टोचण्याने येत नाही. अडलेल्या मूत्रामुळे वरच्या भागात दाब वाढतो आणि किडनीचे आवरण ताणले जाते, म्हणून येते. अडथळा तसाच राहिला तर काही काळाने त्या किडनीचा रक्तपुरवठा आणि गाळण्याचे काम मंदावते, आतला दाब उतरतो आणि दुखणे थांबते. खडा पडल्यावरही दुखणे थांबते, आणि खडा अडलेलाच असून किडनी हळूहळू निकामी होत असतानाही थांबते. रुग्णाला या दोन्हींतला फरक जाणवत नाही. ‘बरे वाटले म्हणून आलो नाही’ असे सांगणारे आणि दीड-दोन वर्षांनी पातळ पिशवीसारखी झालेली किडनी घेऊन आलेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्यांना एका साध्या सोनोग्राफीने वाचवता आले असते हे दर वेळी मनाला लागते. तेव्हा खडा हातात सापडेपर्यंत किंवा तपासणीत गेल्याचे दिसेपर्यंत तो आहे असेच समजावे.

मूत्रवाहिनीतला ५ मिमीचा खडा आपोआप पडण्याची शक्यता चांगली आहे. ५ मिमीपर्यंतच्या खड्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश आणि ५ ते १० मिमीच्या खड्यांपैकी जवळपास निम्मे स्वतःहून बाहेर येतात, आणि खडा जितका खाली, तितकी ही शक्यता वाढते. मूत्राशयाचे तोंड हा मूत्रवाहिनीचा सर्वांत अरुंद भाग असतो. तेवढे ओलांडले की पुढचा मार्ग रुंद आहे. मूत्रवाहिनी सैल करून खडा पडायला मदत व्हावी म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅम्सुलोसिन या गोळीबद्दल मतभेद आहेत. २०१५ साली ब्रिटनमध्ये झालेल्या मोठ्या चाचणीत तिचा फायदा दिसला नाही, तरी खालच्या भागातील ५ मिमीपेक्षा मोठ्या खड्यांसाठी ती उपयोगी ठरते असे अनेक मार्गदर्शक तत्त्वे मानतात. माझ्या मते भावाच्या खड्याला ती दिली तर चुकीचे नाही आणि दिली नाही तरीही चुकीचे नाही. दुखणे आटोक्यात असेल, ताप नसेल आणि क्रिॲटिनिन (किडनीचे काम दाखवणारी रक्ततपासणी) ठीक असेल तर चार ते सहा आठवडे वाट पाहता येते, त्यापुढे नाही. मूत्राशयाजवळ आलेला खडा वारंवार लघवीची घाई करतो, त्याला संसर्ग समजून नुसती प्रतिजैविके घेत राहू नये.

एका गोष्टीला मात्र थांबायला वेळ नसतो. खडा अडलेला असताना थंडी वाजून ताप आला, तर किडनीत पू साचत आहे असे समजून त्याच दिवशी, मध्यरात्र असली तरी, रुग्णालयात जावे. अशा वेळी खडा काढत बसत नाहीत. आधी स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवायची बारीक पोकळ नळी) टाकून किंवा पाठीतून नळी घालून तुंबलेल्या मूत्राला बाहेर वाट करून देतात आणि संसर्ग शमल्यावर खड्याकडे वळतात. लघवी पूर्ण थांबणे, एकच किडनी असताना तिच्यात अडथळा येणे आणि औषधांना न जुमानणारी कळ, या स्थितीही तितक्याच तातडीच्या आहेत.

आता १२ मिमीचा खडा. आकारावरून उपचार ठरतो असा समज आहे, पण खडा कुठे आहे आणि कशाचा आहे, याला तितकेच वजन असते. लहरींनी फोडण्याची पद्धत ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये प्रथम रुग्णावर वापरली गेली आणि तिने लाखो लोकांचे पोट उघडणे टाळले. तिच्याबद्दल मला आदर आहे. पण ती खडा फक्त फोडते, बाहेर काढत नाही. किडनीच्या अगदी खालच्या कप्प्यातील तुकड्यांना वर चढून बाहेर पडावे लागते, त्यामुळे तिथे १० मिमीच्या पुढे यश कमी मिळते. एक्स-रेवर न दिसणाऱ्या खड्यावर नेम धरण्यासाठी यंत्राला सोनोग्राफीची जोड लागते, तशी ती आहे का हे विचारून घ्यावे. दुर्बिणीच्या पद्धतीत साधारण ३ मिमी जाडीची लवचीक नळी लघवीच्या मार्गाने थेट किडनीत नेऊन लेझरने खड्याचा भुगा करतात. १० ते २० मिमीच्या खालच्या कप्प्यातील खड्यासाठी ही पद्धत चांगली आहे. २० मिमीपेक्षा मोठ्या खड्यांसाठी पाठीतून छोटे छिद्र पाडून काढण्याची पद्धत आहे, तिचे पहिले वर्णन १९७६ साली प्रसिद्ध झाले. आपल्याला तिची गरज दिसत नाही.

परंतु हा खडा युरिक ॲसिडचा असेल तर या सर्वांआधी त्याला विरघळवून पाहणे योग्य ठरेल. खड्यांच्या नेहमीच्या प्रकारांत औषधाने खरोखर विरघळणारा हाच एक आहे. युरिक ॲसिड आम्लधर्मी लघवीत घट्ट होते आणि पीएच वाढला की विरघळते. मधुमेहींची लघवी अनेकदा अधिक आम्लधर्मी असते, म्हणून त्यांच्यात हा खडा जास्त आढळतो. पोटॅशियम सायट्रेट देऊन पीएच ६.५ ते ७ च्या दरम्यान टिकवला तर काही आठवडे ते काही महिन्यांत खडा लहान होऊ लागतो. हे औषध स्वतःच्या मनाने सुरू करू नये. किडनीचे काम मंदावलेले असेल किंवा रक्तदाबासाठी पोटॅशियम वाढवणारी औषधे चालू असतील तर रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकते. पीएच ७ च्या फार वर नेला तर त्याच खड्यावर कॅल्शियम फॉस्फेटचा थर बसू शकतो, आणि मग तो विरघळत नाही. म्हणून पट्टीने पीएच मोजून नोंद ठेवणे हा उपचाराचाच भाग आहे.

उत्तर (सांजवेळ)

मी डॉक्टर नाही, पण दोन वर्षांपूर्वी मूत्रवाहिनीतला खडा दुर्बिणीने काढून घेतला आहे आणि त्यानंतर जे झाले ते इतरांना होऊ नये म्हणून लिहिते.

खडा काढल्यावर मला स्टेंट बसवला. तो मूत्रवाहिनीला सूज आली तरी वाट मोकळी ठेवतो, हे खरे आहे. त्याच्यासह जगणे मात्र सोपे नव्हते: लघवीला बसले की कमरेत वरपर्यंत कळ जायची, कारण त्या नळीतून मूत्र उलट किडनीकडे चढते, आणि दिवसभर चालले की लघवी गुलाबी व्हायची. हे सारे अपेक्षित असते असे मला नंतर समजले. आधी समजले असते तर अर्धी भीती कमी झाली असती. खरी चूक पुढे झाली. घरी जाताना दिलेल्या कागदावर स्टेंट कधी काढायचा याची तारीख लिहिलेली नव्हती, त्रास हळूहळू सवयीचा झाला आणि मीही विचारले नाही. सातव्या महिन्यात ताप आला तेव्हा एक्स-रे काढला. त्या फिल्मवर किडनीतल्या स्टेंटच्या वेटोळ्याभोवती पांढरा जाड थर चढलेला स्पष्ट दिसत होता. खड्यापासून सुटका करणाऱ्या नळीवरच नवा खडा बसला होता. ती नळी ओढून निघेना, तेव्हा आधी लेझरने वरचा थर फोडावा लागला आणि दोन वेगवेगळ्या दिवशी भूल घेऊन ती काढली गेली.

आपल्या भावाला पुढे कधी स्टेंट बसवला तर काढण्याची तारीख त्याच दिवशी लिहून घ्या आणि घरातल्या दोन जणांच्या फोनमध्ये नोंदवा.

प्रश्न (साधीवाट)

मला असे सांगण्यात आले होते की खड्यांच्या रुग्णाने दूध आणि कॅल्शियमचे सर्व पदार्थ बंद करावेत. मी चार वर्षे तसे केले, तरीही पुन्हा खडा झाला. हे पथ्य योग्य आहे का?

उत्तर (नीरव)

योग्य नाही, आणि आपण चार वर्षे ते निष्ठेने पाळले याचे वाईट वाटते. आहारातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला (अन्नातला, कॅल्शियमशी मिळून खडा करणारा घटक) बांधून ठेवते. ते कमी झाले की मोकळे ऑक्झलेट रक्तात आणि तिथून लघवीत उतरते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील अभ्यासात १२० पुरुषांवर पाच वर्षे लक्ष ठेवण्यात आले. कॅल्शियम नेहमीइतके ठेवून मीठ आणि प्राणिज प्रथिने कमी करणाऱ्या गटात पुन्हा खडा होण्याचे प्रमाण कमी कॅल्शियम घेणाऱ्या गटाच्या जवळपास निम्मे राहिले. पथ्यच पाळायचे तर मिठाचे पाळावे, कारण जास्त सोडियम लघवीतून कॅल्शियमही ओढून नेते. पाण्याबाबत ‘खूप प्या’ एवढे सांगून भागत नाही. दिवसाची लघवी अडीच लिटर व्हावी हे उद्दिष्ट ठेवावे, आणि एखाद्या दिवशी ती मापाच्या भांड्यात खरोखर मोजून पाहावी. बहुतेकांना आपण किती कमी पडतो याची कल्पनाच नसते. आपला खडा वारंवार होत असल्याने २४ तासांची लघवी तपासून घ्या. कळ चालू असताना मात्र पाण्याचा मारा करू नये. त्याने खडा लवकर पडतो असे सिद्ध झालेले नाही.

रानवारा

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहिते आहे. आपली उत्तरे मी भावाला वाचून दाखवली, आणि ‘दुखणे थांबते ते दोन कारणांनी’ हे वाक्य ऐकल्यावर तो गप्प झाला. त्या दिवसापासून तो प्रत्येक वेळी बारीक जाळीच्या गाळणीतून लघवी गाळू लागला. बाराव्या दिवशी, कसलीही कळ न येता, जाळीवर पिवळसर तांबूस रंगाचा, एका बाजूने गुळगुळीत खडा सापडला. तो कोरड्या डबीत घालून तपासणीला दिला आणि अहवाल युरिक ॲसिड असाच आला. भरलेल्या मूत्राशयाने केलेल्या सोनोग्राफीत किडनीची सूज उतरलेली दिसली आणि मूत्रवाहिनीच्या तोंडाशी काही नाही. लघवीचा पीएच ५ होता. रक्तातील पोटॅशियम आणि क्रिॲटिनिन व्यवस्थित असल्याने डॉक्टरांनी पोटॅशियम सायट्रेट सुरू केले आहे. पट्टीवर सकाळी ६, दुपारी ७ आणि रात्री पुन्हा ६ असे आकडे येत आहेत. हे चालेल का, आणि मोठा खडा कधी पाहावा?

उत्तर (नीरव)

दिवसभराची सरासरी ठीक दिसत असली तरी युरिक ॲसिड रात्रीच्या संहत लघवीत सर्वाधिक साचते, म्हणून सकाळ-रात्रीचा ६ हा आकडा कमी आहे. रात्री झोपण्यापूर्वीची मात्रा वाढवता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना नोंदवही दाखवून विचारा, आणि मात्रा बदलल्यास दोन आठवड्यांत पोटॅशियम पुन्हा तपासा. सोनोग्राफी सहा आठवड्यांनी त्याच केंद्रात, शक्य तर त्याच डॉक्टरांकडून करून घ्या, म्हणजे मापांची तुलना विश्वासार्ह होईल. एक्स-रे काढू नका, त्यात हा खडा आजही दिसणार नाही. पीएच साधूनही तीन महिन्यांनी खडा जराही कमी झाला नाही तर त्यात कॅल्शियम मिसळलेले आहे असे समजून लेझरचा निर्णय घ्यावा.

अवलोकन

एक लहानशी विनंती: पुढच्या सोनोग्राफीला जाताना सीटीचा अहवाल सोबत न्या आणि खडा खालच्या कप्प्यात आहे हे आधीच सांगा. विरघळत चाललेल्या खड्याची सावली पुसट होते, आणि कुठे पाहायचे हे माहीत नसेल तर ४-५ मिमीचा उरलेला भाग नजरेतून सुटतो.